दुखणे कोणत्या भाषेत सांगावे?

आमच्या भागात कुणी आजारी पडले की पहिला प्रश्न 'काय झालं?' असा नसतो, 'कुठं दाखवलं?' असा असतो. उत्तरावरून ऐकणाऱ्याला पुष्कळ काही कळते. 'आदिलाबादला' म्हटले की दुखणे साधे असावे. 'यवतमाळला' म्हटले की तिकडे कुणी सोयरेधायरे असावेत. 'नागपूरला' म्हटले की ऐकणारा जरा गंभीर होतो, आणि 'हैदराबादला' म्हटले की एखादा एकर गहाण पडला असेल काय, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येतो. जैनथहून आदिलाबाद वीसेक किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्याही पुढे. पण दवाखान्याचे अंतर आम्ही किलोमीटरमध्ये मोजत नाही. डॉक्टरला आपले बोलणे कळेल की नाही, यावर आमच्यासाठी ते गाव जवळ किंवा लांब ठरते.

याला कारण आमचा इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाकडे आला. २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. या सगळ्या घडामोडींत आमच्या आज्याने आपली खाट अंगणातून ओसरीतही हलवली नव्हती. माणसे जागच्या जागी राहिली, राज्येच तेवढी येत-जात राहिली. जैनथच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाला मात्र त्याचे नवल वाटत नसावे. माळव्याच्या परमार कुळातला जगद्देव, त्याच्या काळातला संस्कृत शिलालेख याच गावात आहे. त्यात सूर्याच्या देवळाची नोंद आहे. सूर्य म्हणजे आरोग्य देणारा देव. म्हणजे आरोग्य मागायला या गावात माणसे फार जुन्या काळापासून येत असावीत. त्या देवाला कोणती भाषा कळत होती, एवढेच लेखात सांगितलेले नाही.

परदेशी राहणाऱ्या माणसाला औषधपाणी कसे मिळते, यावर हल्ली बरेच बोलले जाते. घरोघरची मुले अमेरिकेला, जर्मनीला, आखातात गेली आहेत, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. पण मला नेहमी वाटते की, परदेशात आजारी पडणे म्हणजे काय हे समजून घ्यायला विमानात बसायची गरज नाही. भोरजच्या फाट्यावरून आदिलाबादची बस धरली तरी पुरते.

आता हेच पाहा ना. अर्धांगवायूला आमच्याकडे म्हातारी माणसे 'लकवा' म्हणतात. बाजारातला मुसलमान व्यापारी 'फालिज' म्हणतो. तेलुगू माणूस 'पक्षवातम्' म्हणतो आणि पुस्तकी मराठीत आपण 'पक्षाघात' लिहितो. एकाच आजाराची चार नावे एकाच बसथांब्यावर ऐकायला मिळतात. आजाराच्या नावापुरते निभते, कारण 'पक्षवातम्' मधला 'वात' कुणाही मराठी म्हातारीला कळतो. अडचण पुढे येते. दुखणे कसे दुखते, हे सांगायची वेळ आली की दोन भाषांमधली पैनगंगा एकदम दुथडी भरून वाहू लागते.

मराठीत नुसते 'दुखते' असे कुणी म्हणत नाही. दात ठणकतो, डोके भणभणते, कंबरेत उसण भरते, मान आखडते, पायाला मुंग्या येतात, छातीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, जखम चरचरते, गुडघ्यात कळ येते, सांधा सलतो. यातला एकेक शब्द म्हणजे डॉक्टरसाठी एकेक खूण आहे. मुंग्या म्हणजे शीर दबली असावी, ठणका म्हणजे पू किंवा सूज असावी, चमक म्हणजे स्नायू. जाणता वैद्य या शब्दांवरून अर्धे निदान करीत असे. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये हेच काम शास्त्रीय रीतीने केले. त्यांनी वेदनेचे अठ्ठ्याहत्तर शब्द गोळा करून त्यांचे वीस गट पाडले आणि रुग्णाने त्यांतून आपले शब्द निवडायचे, अशी प्रश्नावली तयार केली. ती पुढे अनेक भाषांत गेली. कारण त्या भाषांतरांसाठी बसलेल्यांना लवकरच उमगले की, इंग्रजी शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. प्रत्येक भाषेची दुखण्याची पेटी वेगळी असते.

तेलुगूचीही पेटी भरलेली आहे. 'नोप्पि' म्हणजे दुखणे, 'मंट' म्हणजे जळजळ, 'तिम्मिरि' म्हणजे मुंग्या. नडुमु म्हणजे कंबर, मोकालु म्हणजे गुडघा. हे मी आता सहज लिहितो आहे, पण यातले निम्मे शब्द मी आईच्या आजारपणात शिकलो.

२०१७ च्या कार्तिकातली गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. आई रात्री जेवून निजली आणि पहाटे उठली तेव्हा डावा हात आणि डावा पाय तिचे राहिले नव्हते. घरात लगेच दोन तट पडले. मामा म्हणाले, नागपूरला नेऊ, तिथे आपली भाषा आहे. शेजारचे पटेल म्हणाले, आधी आदिलाबाद. आम्ही पटेलांचे ऐकले आणि तेच योग्य होते. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी डोक्याचा सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. अशा वेळी भाषा पाहायची नसते, घड्याळ पाहायचे असते. आईच्या बाबतीत झटका झोपेत आला होता. तो नेमका केव्हा आला हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून ते इंजेक्शन देता आले नाही. पण जीव वाचला. आठवड्याने पाय थोडा हलू लागला.

खरी कथा त्यानंतरची आहे. झटका हा एका पहाटेचा असतो, सावरणे हे महिन्यांचे असते. आणि भाषा लागते ती त्या महिन्यांत.

दवाखान्यात असताना आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "खांद्यात कळ येऊन राह्यली." डॉक्टरांची फेरी सकाळी लवकर होई. तेव्हा आम्हांला बाहेर काढत. डॉक्टर दख्खनी वळणाचे हिंदी बोलत आणि एरवी आईलाही बाजारापुरते हिंदी येत होते. पण दुखणे वाढले की माणसाची शिकलेली भाषा आधी जाते, दुधाबरोबर आलेली तेवढी राहते. आई मराठीतच कळवळायची. एके दिवशी तिचे 'कळ, कळ' ऐकून परिचारिकेने टॉर्च आणला आणि तिचे डोळे तपासले. तेलुगूत 'कळ्ळु' म्हणजे डोळे! त्यातला 'क' लांबवून 'काळ्ळु' म्हटले तर पाय. त्या बिचारीने आपल्या परीने नीटच ऐकले होते. डोळे उत्तम होते. पायाचेही पाहिले, पाय सुधारत होता. खांद्याकडे मात्र दोन आठवडे कुणाचे लक्ष गेले नाही.

लुळ्या पडलेल्या हाताचे वजन खांद्याचा सांधा हळूहळू खाली ओढते. त्याला धरून ठेवणारे स्नायूच ढिले झालेले असतात. त्यात घरची माणसे प्रेमाने त्याच हाताला धरून रुग्णाला उठवतात, तेव्हा सांधा आणखी सरकतो. मग दुखते म्हणून माणूस हात हलवू देत नाही, आणि हलवला नाही म्हणून खांदा आखडतो. हात परत मिळण्याची जी काही आशा असते, ती या फेऱ्यात सापडते. 'कळ' हा दोन अक्षरांचा शब्द वेळेवर पोचला असता तर हाताखाली उशी गेली असती, गळ्यात झोळी आली असती. बस, एवढेच हवे होते. ते पंधरा दिवसांनी झाले.

हे ओळखले ते आदिलाबादच्याच एका लहानशा खोलीत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. ती तेलुगू. मराठीचे तिला एक अक्षर येत नव्हते. पण तिने आईचा खांदा बोटांनी चाचपला आणि आईच्या तोंडाकडे पाहिले. 'कळ' म्हणजे काय, हे तिला त्या चेहऱ्यावर वाचता आले. तिने तो शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेलुगू लिपीत लिहून ठेवला.

पहिल्या दिवसाची गंमत आमच्या घरात अजून सांगतात. ती आईला म्हणाली, "एत्तु, अम्मा." म्हणजे हात उचला. आईला ऐकू आले 'येतो'. आमच्याकडे बायकासुद्धा निघताना 'येतो' म्हणतात. आई म्हणाली, "बरं, ये बाई," आणि तोंड वळवून पडून राहिली. पोरगी गोंधळली. असे दोन-तीनदा झाल्यावर मी मध्ये पडलो. तेव्हा दोघी अशा हसल्या की, आईच्या वाकड्या झालेल्या ओठांवर पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसू उमटले.

पुढे ती रीत बसली. आठवड्यातून तीन दिवस आदिलाबाद, उरलेले दिवस घरी. मालिश करणाऱ्या, कबुतराचे रक्त चोळायला सांगणाऱ्या हितचिंतकांची घरी रीघ लागली होती. तिने आम्हांला चार गोष्टी शिकवल्या. दुबळ्या बाजूने बोलायचे, म्हणजे मान तिकडे वळते. हाताला धरून ओढायचे नाही. उठताना दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेत का, हे पाहायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, तिचे काम आपण करायचे नाही, करायला थोडा आधार द्यायचा. सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत मेंदू नव्या वाटा शोधत असतो. तेव्हा केलेला व्यायाम नंतरच्या वर्षभराच्या व्यायामाला भारी पडतो, असे ती सांगे. हे सगळे ती तेलुगूत सांगे आणि मी घरी येऊन मराठीत लिहून काढी.

पण व्यायाम पाठ होतो तो कागदावरून नव्हे. 'हात पुढे न्या, मागे आणा' म्हटले की आई कंटाळायची. एकदा मीच म्हटले, "आई, जातं ओढ." तिचा उजवा हात डाव्या हाताला घेऊन गोल फिरू लागला. ती मुलगी पाहतच राहिली. मग तिने घरातल्या सगळ्या कामांची यादी विचारून घेतली. ताक घुसळणे, भाकरी थापणे, धुणे पिळणे. बोटांसाठी तिने स्वतःच तोड काढली. परातीत सरकीसकट कापसाची बोंडे ठेवली आणि डाव्या हाताने कापूस वेचायला लावला. ज्या बोटांनी जन्मभर कापूस वेचला त्यांना ते काम डोक्याने सांगावे लागले नाही.

आणि आकडे? गंमत अशी की, आकडे आई तेलुगूत मोजायची. 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु...' कापसाच्या काट्यावर आणि आठवडी बाजारात ती तेलुगूतच हिशेब करीत आली होती. म्हणजे दुखायचे मराठीत आणि मोजायचे तेलुगूत. आमच्यासारख्यांच्या शरीरात अशी दोन खाती उघडलेली असतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. होळीच्या सुमारास आई काठी घेऊन चालू लागली. हात मात्र पूर्ण आला नाही. खांद्याच्या वर तो कधीच गेला नाही.

याच सुमारास माझ्या भाच्याची जर्मनीत पाठ धरली. तो तिथे नोकरीला आहे. त्याचे फोन येत आणि मी नकळत तुलना करी. तिथे आधी घराजवळच्या डॉक्टरकडे जायचे. तो फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून देतो, साधारणपणे सहा वेळांची. सरकारी विमा असला तर दर चिठ्ठीमागे दहा युरो आणि खर्चाचा दहावा हिस्सा आपण द्यायचा, बाकीचे विमा कंपनी पाहते. हे सगळे ठीक. पण डॉक्टरने त्याला विचारले की, दुखणे टोचते, ओढते की जळते? तेव्हा कामाच्या ठिकाणी जर्मनमध्ये भांडू शकणारा हा मुलगा गप्प झाला. त्याची पाठ भरून आली होती. 'भरून येणे' याला जर्मन काय म्हणायचे?

जगभर आपली माणसे या पेचात सापडतात. इंग्लंडात व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचा अधिभार भरावा लागतो आणि मग तिथली सार्वजनिक सेवा मिळते. तिथे बऱ्याच भागांत फिजिओथेरपीसाठी रुग्णाला स्वतःच नाव नोंदवता येते. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचा प्रवासी विमा बहुधा जुन्या दुखण्यांना हात लावत नाही, म्हणून आपली म्हातारी माणसे गुडघा धरून परतीच्या तिकिटाची वाट पाहतात. पण त्याच अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे, सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला इंग्रजी न येणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्याची सोय करावी लागते. फोनवरून का होईना, मराठी बोलणारा माणूस मिळू शकतो. घरच्या लहान मुलाला दुभाषी करू नये, असेही तिकडे बजावून सांगतात.

आता आपल्याकडे या. आपल्या घटनेचे ३५० वे कलम सांगते की, नागरिकाला आपली तक्रार सरकारदरबारी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारीही नेमायचे ठरले. तक्रार हा शब्द मात्र आमच्या बोलीत दोन ठिकाणी चालतो. तलाठ्याविरुद्धची ती तक्रार आणि पोटाची तीही तक्रारच. पहिली मराठीत करता येते. दुसरीचे काय? रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळावी, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत म्हटले आहे. पण डॉक्टरला रुग्णाची भाषा समजावी, याची तरतूद सनदेने होत नाही. ती शेजारधर्माने होते.

नागपूरला जाणे हा त्यावरचा उपाय, असे आमच्यातले पुष्कळ जण मानतात. नागपूरचे मेडिकल, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळचे वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय या संस्थांनी आमच्या भागातल्या कितीतरी माणसांना आधार दिला आहे, आणि शस्त्रक्रियेसाठी तिकडे जरूर जावे. पण फिजिओथेरपी ही आठवड्याला तीन याप्रमाणे महिनोन्महिने चालणारी गोष्ट आहे. त्यासाठी नागपूरला खोली घेऊन कोण राहणार? शिवाय कार्डांचा घोळ आहेच. आरोग्यश्री तेलंगणाची, महात्मा फुले योजना महाराष्ट्राची, आणि दोन्हींचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर. घरी आल्यानंतरच्या व्यायामाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. २०२० च्या टाळेबंदीत पैनगंगेच्या पुलावर तपासणी नाके बसले तेव्हा तर पलीकडचा डॉक्टर म्हणजे खरोखरच परदेश झाला. म्हणून मला वाटते, झटका, अपघात, हाड मोडणे यांसाठी जवळचा दवाखाना, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिथे कौशल्य आहे तो, आणि सावरण्यासाठी पुन्हा आपले आदिलाबादच. रिम्स २००८ पासून तिथे आहे, शिकलेली तरुण मुले-मुली आहेत. भाषा नाही, पण ती शिकायची त्यांची तयारी आहे. आपलीही असावी.

आईच्या आजारपणातला तो कागद मी नंतर नीट लिहून काढला. तीन रकाने. पहिल्यात मराठी दुखणे, दुसऱ्यात तोच शब्द तेलुगू लिपीत, तिसऱ्यात त्याचा तेलुगू अर्थ. ठणका, कळ, चमक, उसण, मुंग्या, बधिरपणा, जळजळ, आखडणे, भरून येणे. खाली व्यायामाच्या सूचना: उचला, वाकवा, सोडा, हळू, थांबा, दुखलं का? फिजिओथेरपीच्या खोलीत तो कागद बरीच वर्षे भिंतीवर होता. बेला भागातून, पलीकडच्या पांढरकवड्याहून येणारे रुग्णही त्यावर बोट ठेवून दुखणे सांगत. पुढे कुणीतरी त्यात गोंडी शब्दांचा चौथा रकाना जोडला. ते पाहून मला बरे वाटले आणि थोडी लाजही वाटली, कारण या मातीतली ती भाषा आपल्या दोन्ही भाषांच्या आधीची, आणि दवाखान्यात सर्वांत मुकी.

दिवाळीला घरोघर माणसे जमतील. आजी असेल, मावशी असेल, परगावची सून आलेली असेल. फराळ झाल्यावर त्यांना सहज विचारावे, तुमचं दुखतं कसं? त्यांच्या तोंडून जे शब्द येतील ते लिहून ठेवावेत आणि शेजारच्या तेलुगू घरातून त्यांचे अर्थ भरून घ्यावेत. तो कागद शिधापत्रिका, आधार आणि आरोग्यश्रीच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवावा. रात्री-अपरात्री धावायची वेळ आली की ती पिशवी हाताशी लागते, आणि बरोबर जाणारा माणूस दरवेळी दुभाषी असेलच असे नाही.